पहाटे तीन चाळीस, अंदाजे

कोलंबस, ओहायो. नोव्हेंबर संपत आलेला.
लोर्ना विकरीच्या खोलीत अकरा व्हीसीआर,
त्यातल्या एकाचं घड्याळ गेल्या वर्षापासून
बारावरच लुकलुकतंय.
तिचं काम असं:
काल टीव्हीवर कुठल्या व्हिडिओ गेमची जाहिरात
कुठे, कितीदा, किती सेकंद लागली ते मोजायचं
आणि समोर डॉलर लिहायचे.

खरा भाव कुणीच सांगत नाही.
दरपत्रकात छापलेला असतो तो नुसता बोलायचा;
आतून कुणी चाळीस टक्के सोडवून घेतलेले,
कुणी वर्षाचं एकगठ्ठा ठरवलेलं,
कुणी चॅनेलवाल्याला दुपारी बदक खाऊ घातलेलं.
लोर्ना या सगळ्याला बदकासकट
शून्य पूर्णांक बासष्टने गुणते.
बासष्टच का?
तिच्याआधी या खुर्चीत बसणाऱ्या ऑर्विल टेटने
तसं पेन्सिलीने भिंतीवर लिहून ठेवलंय.
अंदाजपंचे दाहोदरसे,
पण दोन दशांश स्थळांपर्यंत.

फुटबॉलच्या मध्यंतरात तीस सेकंद:
तलवार, स्फोट, किंचाळणारा पोरगा, काळा पडदा.
ती लिहिते दोन लाख दहा हजार.
मग खोडून एक लाख नव्वद.
वीस हजार डॉलर रबराच्या चुऱ्यात गेले,
तिने फुंकर मारली.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
आणि मसाल्याचा भाव करणारी ही बाई
आयुष्यात एकदाच गेम खेळली, बहिणीच्या मुलाकडे.
तिचं अस्वल होतं. लगेच पाण्यात पडलं.

सातव्या टेपवर टोलेडोचं एक बारकं स्टेशन.
पहाटे तीन चाळीस.
गालिचे धुण्याचं यंत्र संपतं, आणि
बर्फाखालून कंदील घेऊन एक कोल्हा चालत येतो.
हाताने काढलेला. एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा.
सर्दी झालेल्या बाईचा आवाज:
एकोणीस डॉलर, टपालखर्च धरून,
चेक सँडस्कीच्या पोस्ट बॉक्सवर पाठवावा.
कोल्हा हळू चालतो, याची कृपया नोंद घ्यावी.

लोर्नाने टेप मागे नेली.
पुन्हा मागे नेली.

स्टेशनचा दर पस्तीस. गुणिले बासष्ट:
एकवीस डॉलर सत्तर सेंट.
प्रेक्षकांच्या तक्त्यात त्या वेळेपुढे नुसती रेघ,
म्हणजे अगदीच कुणी नाही असं नव्हे,
मोजण्याइतकं कुणी नाही.
रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो.
तिने पेन्सिल दोनदा टेबलावर आपटली
आणि लिहिलं: एक.

मग दर हजार प्रेक्षकांमागे खर्च:
एकवीस हजार सातशे डॉलर.
त्या नाताळातली सगळ्यात महाग जाहिरात
अशी तिच्या हातून कागदावर उतरली,
तलवारीपेक्षा, किंचाळणाऱ्या पोरापेक्षा
कितीतरी पट महाग.

सोमवारी साहेबांनी, म्हणजे हॅल्डेन प्रू यांनी,
त्या आकड्याभोवती लाल गोल काढून विचारलं,
हे काय?
तपासलंय, लोर्ना म्हणाली.
एक म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही;
त्यांना पुढे शाम्पूचा अहवाल होता.

जानेवारीत सँडस्कीहून पार्सल आलं नाही.
फेब्रुवारीतही नाही.
चेकबुकात अर्धुकावर एकोणीस लिहिलेलं.
असू दे, कोल्हा हळू चालतो,
हे तिला आधीच सांगितलेलं होतं.