आर सतरा

पवननगरच्या भाजीबाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर,
साडेदहानंतर ताटं आवरली
की जेवणाच्या टेबलाचं वर्कशॉप होतं.
सोल्डरिंग आयर्न तापत ठेवायचं
आणि पडद्यावरच्या हिरव्या चौकोनात
तांब्याच्या वाटा काढत बसायचं.

अंबडला बारा वर्षं मी दुसऱ्यांची ड्राइव्हं दुरुस्त केली.
जर्मन, जपानी, तैवानी.
चिपवरचा नंबर कुणीतरी घासून टाकलेला,
नाहीतर वरून काळं एपॉक्सी ओतलेलं.
खरवडून खरवडून नखं गेली.
तेव्हाच ठरवलं होतं,
माझा बोर्ड झाला तर उघडा असेल.
ज्याला हवा त्याने बघावा, बदलावा,
करून विकावासुद्धा.
फक्त कोपऱ्यात दोन मिलिमीटरच्या अक्षरांत
'हेमलता खैरनार, नाशिक' एवढं राहू द्यावं.

"यात मिळणार काय?" नवऱ्याने विचारलं. शेंगा सोलत होता.
म्हटलं, तुझ्या आईने लोणच्याचं प्रमाण
सगळ्या कॉलनीला सांगितलं, तिला काय मिळालं?
"बरण्या," तो म्हणाला, "कधीच परत आल्या नाहीत."

पहिल्या आवृत्तीत एक्स अक्ष थरथरायचा.
दुसरीत ते सुटलं, म्हणून पंचवीस बोर्ड मागवले.
छान चालायचे.
आणि मध्येच झेड थांबायचा, सांगायचा: सीमा आली.
कसली सीमा?
वर चार बोटं जागा, खाली चार बोटं जागा.
सहा रात्री प्रोग्रॅम वाचला.
सातव्या रात्री भिंग घेऊन बोटाने वाटा चालत गेले,
तर आर सतराचं एक टोक
कशालाच जोडलेलं नव्हतं.

एक रेघ. मीच काढायची राहिले.
त्या रात्री धाकट्याला ताप होता,
दर दहा मिनिटांनी उठून पट्टी बदलत होते.
पिन तशीच अधांतरी राहिली,
आणि अधांतरी असलेल्याला
शेजारच्या स्पिंडलची नुसती ओरडसुद्धा
हुकूम वाटते.

तिसऱ्या आवृत्तीत रेघ जोडली.
चूक नोंदवून ठेवली, तारखेसकट, सगळ्यांना दिसेल अशी.

पौषात बहिणीच्या दाराची पाटी करायला
कोकणीपुऱ्यात इम्तियाज कोकणीकडे गेले.
सागवानी फळीवर 'सोन' उमटलं
आणि यंत्र थांबलं.
"असंच करतं, ताई. मूडी आहे.
सातपूरचा माल, त्यांचं स्वतःचं डिझाइन."
मी झाकण काढायला लावलं.
माझा हिरवा, हा लाल.
कोपऱ्यात भलतंच नाव, इंग्रजीत, ठळक.
बाकी सगळं ओळखीचं:
कनेक्टरजवळचं वळण, उगाच ठेवलेलं एक भोक,
आणि आर सतरा,
एक टोक कशालाच न जोडलेलं.

नाव पुसलं,
चूक तेवढी जपून ठेवली.

राग आला. नाही कसा येणार?
पण त्याच्या आधी, खोटं कशाला सांगू,
गर्दीत आपल्या पोराचा स्वेटर
दुसऱ्याच्या पोराच्या अंगात दिसावा,
कोपरावरच्या त्याच रफूसकट,
तसं काहीतरी झालं.

"आयर्न आहे का?"
होतं. वायर नव्हती.
त्याच्या मुलीने तुटका इअरफोन आणून दिला.
केसाएवढी तार सोलली, एक टोक आर सतराला,
दुसरं शेजारच्या तीन पूर्णांक तीन व्होल्टला.
फुंकर मारली.
स्पिंडल किंचाळला, झेड वर गेला, खाली आला,
आणि 'सोन'च्या पुढे 'वणे' कोरून शांतपणे घरी परतला.

इम्तियाज बघतच राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"
मी भुसा झटकत म्हटलं, पाटीचे थोडे कमी कर.
असे बोर्ड कितीजणांनी घेतलेत?
"असतील तीस-चाळीस.
सिन्नर, ओझर, एक जण तर पार मालेगावचा."

द्वारकाच्या सिग्नलला उभी होते.
तीस-चाळीस यंत्रं, कुठेतरी अर्ध्या अक्षरावर थांबलेली,
सीमा आली म्हणून सांगत असलेली.

रविवारी सातपूरला जायचंय.
पर्समध्ये इअरफोनची उरलेली वायर ठेवली आहे.
भांडायला चाललेय की जोडायला,
ते तिथे गेल्यावर बघू.