बेताळाच्या वहाणा

मापाची काठी आढ्यालाच खोचलेली सापडली.
तिच्यावर दोन खाचा, टाच आणि अंगठा,
मधलं अंतर माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत.
देवाचा पाय कुणी मोजला, बाबालाही ठाऊक नव्हतं.

आमोण्यात येऊन अकरा दिवस झाले.
खाली मांडवीत रिकाम्या बार्जी गंजतायत.
चामडं भिजत घातलंय, पण आरी हातात बसत नाही.
सात वर्षं या हातांनी
जहाजाच्या लॉन्ड्रीत परक्यांच्या चादरी
चौकोनी केल्या.

शाबीचा मेसेज आला तेव्हा बोट इटलीच्या धक्क्याला होती.
*बाबा गेलो. काल सांजेर सगळें जालें.*
फर्मिन म्हणाला, इथे बसून काय करणार, चल.
आम्ही मिळाली ती बस धरली.

गव्हाच्या टेकडीवर कौलारू खोपटी,
प्रत्येकीच्या पोटात खाली जाणारा जिना,
जिन्याच्या तळाशी काच.
बटण दाबलं की आत दिवा लागतो,
थोड्या वेळाने आपोआप विझतो.

समोरच्या भिंतीवर दार. रंगवलेलं.
खिळेसुद्धा रंगवलेले, कडी नाही.
दाराच्या दोन्ही अंगांना दोघे उभे,
कातडी निळी, चार दिवसांच्या मांसाची,
नाक गिधाडाचं,
एकाच्या हातात हातोडा.

फर्मिनने छातीवर खूण केली, म्हणाला, देवचार.
मीही म्हणालो, देवचार.
शब्द एकच. त्याच्या घरी तो सैतान,
आमच्या घरी शिवेवरचा राखणदार,
ज्याला रोट लागतो, सोरो लागतो, विडी लागते,
आणि जो रात्री चुकलेल्या माणसाला
दारापर्यंत आणून सोडतो.

हातोडा कशाला रे याला?
फर्मिन पाटी वाचत राहिला, तिथेही नक्की काही नव्हतं.
मी पाय बघत होतो.
बूट होते. पोटरीपर्यंत वाद्या,
आणि चिताऱ्याने गाठ बरोबर बाहेरच्या अंगाला मारली होती,
आतली गाठ चालताना घासते,
हे चालणाऱ्याला कळतं, नाहीतर चांभाराला.

तेव्हा कळलं हातोडा कशाला.
मारायला नव्हे.
लांबच्या वाटेला निघालेल्याची टाच
दारात एकदा तपासायची असते.

दिवा विझला. काचेत माझंच तोंड.
पुन्हा दाबला.
तीनदा दाबला. मागे रांग लागली होती,
एक म्हातारी काहीतरी बोलली, मग माझ्याकडे बघून गप्प झाली.

देवळातून गेल्या खेपेच्या वहाणा आणल्यात.
तळ झिजलाय, दर वर्षी झिजतो.
बाबा त्या उलट्या करून वाचायचा,
डावी जास्त गेलीय, म्हणायचा,
यंदा डाव्या खांद्यावर कुणाला तरी वाहिलंय त्याने.

मीही उलट्या करून बघितल्या.
मला वाचता येत नाही.

देवाची जोडी अमावास्येपर्यंत होईल.
चामडं उरलंय, अजून एक जोडी निघेल,
पण बाबाचं माप घरात कुठेच नाही.
गावाला घालून स्वतः अनवाणी राहिला,
चितेपर्यंत.

शाबी चुलीकडून म्हणते,
तुझ्याएवढाच होता त्याचा पाय.

मी चामड्यावर उभा राहतो.
वाकतो. आरीच्या टोकाने
माझ्याच पायाभोवती
रेघ ओढायला लागतो.