चेंडू समुद्रात गेला तर

चेंडू समुद्रात गेला तर तो आणायचा,
एवढंच माझं काम.
हेल्लुवीकचं मैदान कड्याच्या काठाला टाचल्यासारखं,
तिन्ही बाजूंना पाणी, चौथीकडे चर्च आणि मेंढ्या.
बावीस जण खेळतात, तेविसावा शिट्टी फुंकतो,
चोविसावा मी, खाली होडीत,
लांब दांड्याची जाळी मांडीवर आडवी.

एकोणीस वर्षांत मी एकही गोल पाहिलेला नाही.
मला दिसतो दगडी बांध
आणि त्यावर बसलेल्यांच्या पाठी.
पाठी खोटं बोलत नाहीत.
आपली चढाई असली की पुढे झुकतात,
गोल खाल्ला की एकेक
ओल्या पोत्यासारखी खाली बसते.
आणि आपला गोल झाला, तर वरच्या रस्त्यावरच्या मोटारी
भोंगे वाजवतात,
कारण या बेटावरच्या वाऱ्यात टाळ्या कुणाला ऐकू येणार?

ऑक्टोबरातला तो शनिवार. अजिंक्यपदाचा शेवटचा सामना.
राजधानीच्या संघाला बरोबरी पुरेशी,
आम्हाला जिंकणं भाग.
त्यांच्या गोलात तेइतुर.
होय, माझाच.
शिकायला गेला नि तिकडचाच झाला.
त्याचे पहिले हातमोजे मी मासळीच्या पैशातून घेतले होते,
दोन माप मोठे.

एकदा भोंगे वाजले.
मग बराच वेळ नुसता वारा.
मग पाठी बसल्या.
एक-एक.

दोन चेंडू आधीच खाडीबाहेर गेले होते.
तिसरा, शेवटचा, आला त्र्याण्णवाव्या मिनिटाला,
बांधावरून, उंच, आकाशात क्षणभर अडकून.
ती लाथ खेळाची नव्हती, वेळ काढायची होती,
आणि तो पाय कुणाचा
हे मला आवाजावरूनच कळलं.

तेव्हा एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
पाठी वळल्या.
सगळ्या गावाचे चेहरे माझ्याकडे.
बांधावर चढून मार्यून ओरडली, नऊ वर्षांची,
"हानुस, दोनच मिनिटं!"

बाहेर जाणं सोपं. वारा जमिनीवरचा होता,
मला आणि चेंडूला सारखाच ढकलत होता.
जाळीत आला तेव्हा तो
तान्ह्या पोराएवढा जड लागला.
परतीचं काय ते कठीण.
वल्हवणारा बसतो उलटा,
जिथे जायचं तिकडे त्याची पाठ,
आणि त्या पाठीवर वारा
दार लोटून धरल्यासारखा रेटत होता.
मी आणखी थोडा वेळ लावला असता
तर समुद्राला कुणी जाब विचारला असता?
गाव बघत होतं, पण वल्ह्यात किती जोर आहे
हे काठावरून दिसत नाही,
मनगटालाच ठाऊक असतं.

खांदे भाजले एवढं आठवतं.
चेंडू फेकला. मार्यूनने पोटाशी धरला, वळली,
आणि चेहऱ्यांच्या पुन्हा पाठी झाल्या.

एक लाट. दुसरी.
तिसरी येता येता राहिली असावी.

मग भोंगे.
मोटारींचे, ट्रॅक्टरचा, धक्क्यावरच्या ट्रॉलरचासुद्धा,
इतके, की कड्यावरची सगळी पाखरं उठली
आणि बसायचं विसरली.

गोल कसा झाला ते मला सात जणांनी
सात तऱ्हांनी सांगितलं: डोक्याने, टाचेने, खांबाला लागून.
एवढ्यावर मात्र एकमत होतं
की गोलरक्षकाचं बोट लागलं होतं.

अंधारताना तो धक्क्यावर आला.
केस ओले, हातमोजे दातांत धरलेले.
काही न बोलता माझ्या हातातला दोर घेतला, होडी ओढली.
मग हातमोजे काढून म्हणाला,
"एवढ्या लवकर कसा आणलास?"

"वारा पाठीशी होता," मी म्हणालो.

तो याच होडीत लहानाचा मोठा झालेला.
त्याने तोंड खाडीकडे केलं,
थोडा वेळ तसंच ठेवलं,
आणि खुंटाला गाठ मारली.
दुहेरी.