झीज

हातिमभाईंनी ते मखमलीवर नाही ठेवलं,
कालच्या पेपरवर ठेवलं, स्थळांच्या जाहिरातींवर.
पोलिसातनं रिटायर झालेलं आहे, म्हणाले,
नव्याच्या चौथाईत पडेल.
आधी परवाना दाखवा, चहा घ्या, मग हात लावा.

परवान्याला तीन वर्षं लागली.
तेवढ्यात दुकानापुढचा रस्ता दोनदा खोदला, दोनदा बुजवला,
चोर सापडले, सुटले,
आणि त्यातला एक पोरीच्या बारशाला
माझ्याचकडून वाळे घेऊन गेला.
मी ओळखलं. त्यानंही.
घडणावळीत सूट मागितली नाही.

मी इतवारीच्या सराफ्यातला माणूस.
वस्तू हातात आली की आधी झीज पाहतो.
अंगठी कोणत्या बोटात होती,
साखळी किती वर्षं मानेखाली झोपली,
कडी सांगते, गिऱ्हाईक नाही सांगत.
ह्याच्या नळीच्या टोकाचा काळा रंग
चामड्यानं चाटून पांढरा केलेला,
मुठीवरचे खवले अंगठ्यापाशी गुळगुळीत.
भिंग लावून आत पाहिलं:
आटे धारदार, जसे काल कापले.

घासलं फार, झाडलं कमी,
हातिमभाई म्हणाले, पोलिसांचं असंच असतं.
बुडाशी आकडा ठोकलेला, २१७.
हा कोण?
माणूस असेल, नाहीतर कपाटाचा खण.

शटर अर्धं पाडून काट्यावर ठेवलं.
सत्तर तोळ्याला थोडं कमी.
निताई पॉलिश करता करता थांबला,
शेठ, सोनं असतं तर?
सोनं असतं तर, म्हटलं,
ते राखायला असं अजून एक लागलं असतं.

घरी शैलानं एवढंच विचारलं,
तिजोरीत ठेवणार, मग चोराला काय सांगणार?
थांब बाप्पा, किल्ली पाहून राहिलो?

शनिवारी सहाला, ऊन चढायच्या आत,
हिंगण्याकडच्या टेकडीमागे.
उईके, रिटायर हवालदार, शिकवायला.
श्वास अर्धा सोडा, अर्धा राखा.
हे मला येतं.
चाळीस वर्षं फुंकणीवर श्वास राखलाय,
ज्योत केसाएवढी बारीक करून
नथीचा मोती न करपवता डाग दिलाय.
तरी पहिली गोळी कुठं गेली
ते मातीलाच ठाऊक.
निताईचं एका वेळचं जेवण,
धाडकन, आणि मनगटात झिणझिण्या.

आठव्या गोळीला पुठ्ठ्याच्या कडेला भोक पडलं.
उईके म्हणाले, कान धरला त्याचा. पुरे आहे.

मग त्यांनी ते हातात घेतलं,
आणि अंगठा बरोबर त्या गुळगुळीत जागी गेला.
मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं, की मी पाहिलं.
सगळ्यांचाच तिथं बसतो, म्हणाले.
तुम्ही किती झाडल्या नोकरीत?
वर्षातून एकदा, पुठ्ठ्यावर. मोजून.
आणि एकदा नाही झाडली.

पुढं विचारलं नाही.
भट्टीजवळ वाढलेला माणूस
लाल रंग गेला म्हणून लगेच हात लावत नाही.

दहा झाडल्या होत्या, पुंगळ्या नऊ सापडल्या.
मी गुडघ्यावर बसून वाळू चाळायला लागलो.
सोडा ना शेठ, एका पुंगळीनं काय होते?
त्यांना कसं सांगू, आमच्याकडे
सतरंजी झटकून धूळसुद्धा मोजून विकतात.

सोमवारी झारेकरी आला, कुंचा घेऊन,
बैठकीखालची आठवड्याची धूळ भरायला.
मी पाय वर घेतले
तर पँटच्या दुमडीतून टणकन दहावी पडली.
त्यानं उचलली, नखानं खरवडली,
पितळ आहे, म्हणाला, हे घेत नाही,
आणि परत होती तिथं ठेवली.

दिवसभर कूलरच्या वाऱ्यानं
ती फरशीवर इकडून तिकडे लोळत होती.
गिऱ्हाइकं पाय उचलून बसत होती.