विनाकरार

मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी एक उंच टेबल,
टेबलामागे जोसलिन, जांभळा टीशर्ट,
आणि आमच्यापुढे तिनं पसरलेला तक्ता:
अडीचशे, पाचशे, एक हजार.
आकडे वेगाचे होते. मी ते सवयीनं
पगाराचे म्हणून वाचले.

"सर, घरात माणसं किती?"
तीन.
"गेम्स?" नाही.
"इंडियाला कॉल?"
केतकीनं माझ्याकडे पाहिलं.

रोज. तिथले साडेनऊ, इथले आठ.
दादा रक्तदाबाची गोळी घेऊन बसतात
आणि व्हिडिओ कॉल असला तरी फोन कानालाच लावतात.
आम्हाला दिसतो तो त्यांचा कान,
मधूनच थोडं छप्पर.
"त्याचं पॅक वेगळं, सर. पन्नास दिरहम."
बरं. कानाचे पन्नास.

मग तिनं पेनानं दोन रकान्यांना गोल केले.
चोवीस महिन्यांचा करार, स्वस्त.
विनाकरार, महिन्याला नव्वद जास्त.
करार मधेच मोडलात तर दंड.

मी म्हणालो, विनाकरार.
दर वेळी तेच म्हणत आलोय.
अबू शगाऱ्याच्या त्या झुरळांच्या इमारतीत म्हणालो,
अल नहदाला आलो तेव्हाही म्हणालो,
कारण पुढच्या मे महिन्यात आपण कायमचे परत जाणार.
हा पुढचा मे अकरा वर्षं पुढचाच आहे.
त्याच्या भरवशावर सोफा घेतला नाही,
भिंतीत एक खिळा ठोकला नाही,
कढीपत्ता लावला तोही रंगाच्या रिकाम्या बादलीत,
कडी धरून उचलता यावा म्हणून.

शाल्मलीला कोरा कागद दिसला की राहवत नाही.
तक्ता उलटून तिनं मांडलं
नव्वद गुणिले बारा, गुणिले अकरा.
अकरा हजार आठशे ऐंशी.
"बाबा, हे आपण कशाचे भरले?"

मी इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये
अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचे हिशेब ठेवतो.
एका फिल्सचा घोळ झाला तर जेवत नाही.
हा गुणाकार मात्र माझ्या हातून
अकरा वर्षं झाला नव्हता.

कशाचे भरले?
एसी चालू असलेल्या घरात
दार उघडं ठेवण्याचे.
पण हे तिला कसं सांगणार?
ती जन्मली इथं, भर ऑगस्टात.
आमच्या गावाला ती गाव म्हणत नाही, सुट्टी म्हणते.
"सुट्टीत विहीर आहे," असं मैत्रिणीला सांगताना
मी ऐकलंय.

उगाच वेळ काढायला जोसलिनला विचारलं,
तुझ्याकडे कोणता प्लॅन?
हसली. "आठ जणींत एक, सर.
पासवर्ड दर शुक्रवारी बदलतो.
जिनं वाटा दिला नाही ती जिन्यात बसते."

व्हिसा उरलाय चौदा महिने.
करार चोवीसचा.
वरचे दहा कुणाच्या नावावर लिहायचे?
तळ्यात, मळ्यात, तळ्यात,
पेन हातात घेऊन मी उभा.
मागे रांग वाढत चाललेली.

केतकी म्हणाली,
"सही कर रे. गाडीत सुरमई आहे."
बाहेर चव्वेचाळीस डिग्री.
सही केली.

गुरुवारी तंत्रज्ञ आला, बॅग उघडली,
आणि ड्रिल हातात घेऊन विचारलं,
"भोक पाडावं लागेल. चालेल ना?"
आम्ही तिघांनी त्या भिंतीकडे पाहिलं,
घरमालक पाहतो तसं.
"पाड."
पांढरी भुकटी कढीपत्त्यावर पडली,
ती मी पुसली नाही.

रात्री आठला दादांचा कान आला.
पाळीवर तीळ आहे त्यांच्या. मला माहीत नव्हतं.
"मेमध्ये येताय ना?"
येतोय, मी म्हणालो.
"सुट्टीला," शाल्मलीनं मागून जोडलं.

त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.
चित्र मात्र एकदाही अडकलं नाही.