मागं हात धरून बघा

चैत्रातली दुपार, सांगलीचं मार्केट यार्ड.
मगदूमांच्या अडतीत सौदे सुटलेत
आणि तीनच्या ठोक्याला काँप्युटर पुन्हा आडवा.
"रोज याच टायमाला जातोय बघा," भूपाल अण्णा म्हणतात.
"सकाळी चांगला असतोय, मग डोळेच मिटतोय.
बॅटरी बदलली. वायर बदलली.
शेठजींच्या पुतण्यानं नवा प्रोग्रॅम टाकला."

टेबलाखाली डब्याची एक बाजू काढून ठेवलेली,
तिच्या तोंडाशी टेबलफॅन, तीन नंबरवर,
ताप चढलेल्या पोराच्या उशाशी बसल्यासारखा.
मी तो बंद करते.
अण्णांना ते आवडत नाही.

आत टॉर्च मारते.
हळद.
रॅमच्या फटीत, वायरींच्या बेचक्यात,
बोर्डावरच्या प्रत्येक टोपीवर हळद.
राजापुरी की सेलम, मला कळत नाही.
अण्णा वाकतात, हुंगतात,
म्हणतात, "राजापुरी. गेल्या वर्षीची."

प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात,
फणीच्या दातांसारख्या, मधून वारा जावा म्हणून.
इथं फणी नाहीच, पिवळी वीट.
वरचा पंखा जीव तोडून फिरत होता,
विटेला वारा घालत.

आणि मागचा पंखा:
चौकटीच्या कडेला नखाएवढा बाण असतो,
वाऱ्यानं कुठून कुठं जायचं ते सांगणारा.
कुणीतरी उलटा बसवलाय.
पुढचाही आत ढकलतो, मागचाही आत ढकलतो.
"मग बाहेर कोण काढणार, अण्णा?"
अण्णा थप्पीकडे बघतात,
आजही न उचललेल्या दीडशे पोत्यांकडे.

"बिघडला नव्हता तो," मी सांगते,
"जळू नये म्हणून आपला आपण बंद पडत होता."
"शहाणा हाय म्हणायचा," अण्णा म्हणतात,
"आमाला न्हाई बा जमलं एकतीस वर्षांत."

डबा उचलून ओट्यावर नेला, ब्लोअर लावला.
पिवळा ढग उठला तसे हमाल शिंकायला लागले,
"कुणाचं लगीन हाय वो?"

आम्ही शिकलगार.
आज्जा सायकलवर सहाण बांधून गावोगाव फिरायचा,
कात्र्या, विळ्या, अडकित्ते.
पातं सैल सोडू नगंस, म्हणायचा,
सुटलं की ते माणूस बघत न्हाई.
मी पंख्याचं पातं बोटानं दाबून धरते,
ब्लोअरच्या जोरानं मोकाट फिरलं तर बेअरिंग जातं.
ह्या पात्याला धार नाही.
धरायचं मात्र तसंच.

जुनी पेस्ट खरवडली, चुन्यासारखी वाळलेली.
नवी लावली, मुगाच्या दाण्याएवढी.
"एवढीच?"
"जास्त झाली की तीच उष्णता अडवते."
स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.
बाण फिरवला. चार स्क्रू.
मग डब्याची ती बाजू बसवायला घेतली तर
अण्णांनी माझा हात धरला,
"बंद करताय? गुदमरंल की."
"उघडा ठेवला की वारा वाट चुकतो अण्णा.
भिंती असल्या म्हणजे त्याला कळतं,
कुठून शिरायचं, कुठून निघायचं."

चालू केला.
आधी घरघर, मग नुसती सळसळ,
पत्र्यावरून चिमणी चालल्यासारखी.
पडद्यावर बावन्न अंश.
"आता मागं हात धरून बघा."
अण्णांनी हात धरला, चटकन काढला.
"गरम येतंय!"
"यायलाच पाहिजे.
गार यायला लागलं की मला फोन करा."

त्यांनी परत हात धरला.
बराच वेळ तसाच ठेवला.

पहिली नोंद माझीच झाली:
शिकलगार नसीमा, पंखा साफ, साडेतीनशे.

नळावर हात धुवायला गेले.
साबण लागला तशी हळद लाल झाली,
मनगटापासून बोटांपर्यंत, लालभडक,
मोरीत धार.
"अगं पोरी, लागलं काय?"
"नाही हो," मी म्हटलं,
"तुमचीच राजापुरी."