आधण

लिन हुइरची पातळी मी पडद्यावर मीटरमध्ये बघते,
मेउरिग पायऱ्यांत.
धक्क्याला एकोणीस पायऱ्या आहेत स्लेटच्या.
एकोणिसावी अजून कुणी कोरडी पाहिलेली नाही.

संध्याकाळी तो खाली फोन करतो,
डोंगराच्या पोटात, आमच्या कंट्रोल रूममध्ये:
चार पायऱ्या उतरलं. मॅच संपली वाटतं?
मॅच संपलेली असते.
लाखो माणसं सोफ्यावरून एकदम उठलेली असतात
आणि घरोघरी किटलीत आधण ठेवलेलं असतं
एकाच मिनिटाला, एवढ्या मोठ्या देशात.
मी झडपा उघडते. बारा सेकंद.
टेबलावरचा माझा कप बोटभर सरकतो.

पर्यटकांना पिवळी हेल्मेटं देतात,
बोगद्यातून बस फिरवतात,
मग वर मेउरिगच्या सहा होड्या, ताशी चौदा पौंड,
मुलांना निम्मे, कुत्रा फुकट.
परवा एक बाई उतरताना म्हणाली,
किती निवांत! आणि सगळं नैसर्गिक!
मेउरिगने दोर गुंडाळला, मान डोलावली.
ती गेल्यावर मला म्हणाला,
या तलावापेक्षा मी तीन वर्षांनी मोठा आहे.

हुइर म्हणजे उशीर, त्यांच्या भाषेत.
संध्याकाळही. एकच शब्द.

रात्री वीज स्वस्त होते.
तेव्हा तेच पाणी आम्ही उलटं डोंगरावर चढवतो.
चार घागरी चढवाव्या, वीज तिनाचीच मिळते;
चौथीचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवू शकते.
बाबांना सांगितलं तर ते हसले.
सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात झाली त्यांची.
खाली आलेलं पाणी परत वर?
आमचं तर वाशिष्ठीत गेलं की गेलं.
मागून आईचा आवाज: विचारा तिला,
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून यायचं?
मी म्हटलं, आई, इथे रात्रभर
पोहराच आड भरतो.
ती गप्प झाली. मग म्हणाली, जेवलीस का?

फेब्रुवारीत एका रविवारी कुठल्याशा मालिकेचा शेवटचा भाग होता.
पाणी सात पायऱ्या उतरलं असणार.
फोन आला नाही.
पाळी संपवून वर गेले तर
धक्क्याच्या कड्यांना सहाच्या सहा होड्या लटकलेल्या,
नाकाने वर ओढलेल्या, बुडं हवेत,
कुणी दोर सैल केले नव्हते.
पाणी मीच ओढून घेतलं होतं त्यांच्याखालून.
गाठी ताणून दगड झालेल्या.
नखं लावली, किल्ली लावली, दात लावायचे तेवढे राहिले.
दोन सुटल्या.
बाकीच्यांसाठी पंपांची वाट बघत बसले,
तिथेच, ओल्या पायरीवर,
आणि पहाटे कधीतरी पाणी आलं,
आवाज न करता, खालून,
एकेक होडी पाठीवर घ्यायला.

मेउरिगची मुलगी हेलेद सकाळी आली.
बाबा बँगॉरला, म्हणाली, हॉस्पिटलात. खुबा.
अंगणातल्या बर्फावर पडले. होड्यांचं विचारत होते.
मी म्हटलं, ठीक आहेत.

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला.
मागे ट्रॉलीची चाकं, कपबश्या.
इथे वॉर्डात आत्ता सगळ्यांना चहा दिला, तो म्हणाला,
किती?
पडद्यावर आकडा होता, दशांश चिन्हासकट.
मी थांबले.
पाच, म्हटलं.
पाच, आणि सहावीची कड दिसतेय.